वेरूळ मंगळवारी बंद: दोघांचं तीन दिवसांचं संभाजीनगर, एसटीनं

छत्रपती संभाजीनगरचा बेत आखताना लॉजच्या आधी वार बघायचा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. शनिवार-रविवारी लॉजचे दर चढतात आणि बीबी का मकबऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मधले वार धरले: बुधवारी सकाळी पोचायचं, शुक्रवारी रात्री निघायचं, दोन मुक्काम. महिना जानेवारीचा. पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी सावली शोधावी लागते, तरी एप्रिल-मेच्या चाळीस अंशांपुढे ते काहीच नाही. जानेवारीत अडचण एकच, शाळांच्या सहली. त्यांच्या वेळा ओळखून दिवस लावला तर तीही सुटते. ते दुसऱ्या दिवसात येईलच.

मराठवाड्यातल्या माणसाला हे शहर परकं नाही. परभणी, हिंगोली, लातूर, बीडहून लोक उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तारखेला येतात, घाटी या सरकारी दवाखान्यात पेशंट घेऊन येतात, विद्यापीठात मार्कमेमोसाठी खेटे घालतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात. शहर बघायचं राहूनच जातं. नवीन लग्न झालेल्या दोघांना सगळे महाबळेश्वर नाहीतर गोवा सुचवतात आणि पाच महिन्यांची शिल्लक तिकडं जाते. इकडं अजिंठा आणि वेरूळ दोन्ही १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि एसटीच्या तिकिटात पोचता येतं.

शिवाय एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. मार्च २०२३ पासूनची ही सवलत राज्यातल्या राज्यात सगळ्या प्रकारच्या गाड्यांना लागू आहे. म्हणजे जोडप्याचा प्रवास दीड तिकिटात होतो. साध्या गाडीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याला साधारण दहा रुपये धरून आधीच हिशेब मांडता येतो. तीस किलोमीटर म्हणजे पाच टप्पे: त्याचे पन्नास, तिचे पंचवीस.

मुक्कामाबद्दल आधी

रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक यांच्यात दीड-दोन किलोमीटरचं अंतर आहे. स्टेशन रोडला लॉज भरपूर, पण दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी पकडायची असेल तर स्टँडच्या बाजूला, समर्थनगरच्या आसपास राहणं सोयीचं. नॉन-एसी स्वच्छ खोली हजार-अकराशेत मिळाली. जानेवारीत एसीचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही, त्याऐवजी सकाळी गरम पाणी किती ते किती मिळतं हे विचारून घ्यावं. बऱ्याच ठिकाणी ते सहा ते नऊ एवढंच असतं आणि लवकर निघणाऱ्याला थंड पाण्यानं अंघोळ करावी लागते.

तरुण जोडप्यांनी एक गोष्ट फोनवरच स्पष्ट करून घ्यावी. ओळखपत्र दोघांचंही लागतं. लग्नानंतर आधारवरचं नाव बदललेलं नसेल तर काही लॉजवाले उगीच प्रश्न विचारतात, आणि पत्ता त्याच शहराचा असेल तर काही जण खोलीच नाकारतात. "दोघांची आधार कार्ड आहेत, आडनावं वेगळी आहेत, चालेल ना?" एवढं आधी विचारलं की बॅगा घेऊन काउंटरवर वाद घालायची वेळ येत नाही. लग्नाचा एखादा फोटो मोबाइलमध्ये वरच ठेवावा.

पहिला दिवस, बुधवार: पाणी आणि मकबरा

आम्ही परभणीहून आलो, रेल्वेनं साडेतीन-चार तास. सामान टाकलं, जेवण केलं आणि दुपारी तीनच्या सुमाराला पायीच बाहेर पडलो. पहिला थांबा भडकल दरवाजा. १६१२ मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून तो बांधला. शहर त्यानंच वसवलं, १६१० मध्ये, तेव्हा नाव खडकी. आता दरवाजाजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि चौदा एप्रिलला सगळं शहर इथं लोटतं. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, त्यातले थोडेच धड उभे आहेत. भडकल हा त्यांतला सगळ्यांत भरदार.

तिथून पाणचक्की. बरेच लोक इथं पाच मिनिटं डोकावतात, हौदापाशी फोटो काढतात आणि निघतात. इथं अर्धा-पाऊण तास द्यावा, कारण बघण्यासारखं आहे ते पाण्याचं काम. उत्तरेच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी काही किलोमीटर जमिनीखालून मातीच्या नळांतून आणलेलं आहे. वाटेत नळांत हवा अडकू नये म्हणून उंच खांब बांधलेले आहेत. इथं पोचल्यावर पाणी भिंतीवर चढतं आणि उंचावरून हौदात पडतं. त्या पडत्या पाण्याच्या जोरावर चाक फिरायचं, चाकाच्या आसाला वरचं जातं जोडलेलं, आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, प्रवाशांसाठी पीठ दळलं जायचं. चक्की अठराव्या शतकातली आहे. मोठ्या लांबट हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, म्हणून उन्हाळ्यातही खाली गारवा राहतो. त्या दालनाचे खांब बघायला विसरू नये.

शेजारी जुनं वडाचं झाड आहे, त्याच्या पारावर बसलं की भिंतीवरून येणारं पाणी समोर दिसतं. चक्कीचा जोर पाण्यावर अवलंबून असतो. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते जानेवारीत पाणी बरं असतं. मे महिन्यात आलेला माणूस हिरमुसून जातो तो त्यामुळं.

महमूद दरवाजा आणि खाम नदीवरचा पूल ओलांडला की बेगमपुरा, आणि पुढं बीबी का मकबरा. रिक्षानं दहा मिनिटं. इथं मीटरनं येणारा रिक्षावाला क्वचित मिळतो, तेव्हा बसण्याआधी रक्कम ठरवावी, आणि "दोघांचे मिळून" हे शब्द उच्चारावेत. शेअरिंगच्या सवयीनं सांगितलेली रक्कम माणशी असू शकते.

मकबऱ्याचं तिकीट भारतीयांना २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर ५ रुपये कमी. दारावरच्या क्यूआर कोडवर गर्दीत नेट अडकतं, म्हणून लॉजच्या खोलीतूनच काढून स्क्रीनशॉट ठेवावा. साडेचारला आत गेलं की उन्हातला, मावळतीचा आणि दिवे लागल्यानंतरचा असे तिन्ही मकबरे एकाच तिकिटात बघायला मिळतात. अंधार पडल्यावरही तो उघडा असतो. सहा वाजले की लोक घाईनं बाहेर पडतात. आपण बसून राहावं.

दिलरास बानू बेगम, औरंगजेबाची पत्नी, १६५७ मध्ये वारली. तिच्या स्मरणार्थ ही वास्तू उभी राहिली. मुलगा आजमशहाचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. दारावरच्या लेखात स्थापत्यकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावं आहेत. हा लेख आत जाताना सुटतो, बाहेर येताना मुद्दाम थांबून बघावा. ताजमहालशी तुलना सगळेच करतात आणि "गरिबांचा ताज" म्हणून मोकळे होतात. पण जवळ जाऊन भिंतीवर बोटभर उंचीनं नजर चढवत न्या. खाली कमरेपर्यंत संगमरवर आहे. त्याच्या वर काळा बेसॉल्ट, त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा आणि त्यात कोरलेली वेलबुट्टी. घुमट पुन्हा संगमरवरी. जुन्या नोंदीत खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा आहे, म्हणजे आण्यापर्यंत हिशेब ठेवलेला. दगड परवडला नाही तिथं कारागिरांनी चुना घोटून घोटून संगमरवराच्या तोडीला आणला. या गिलाव्याचं काम मला संगमरवरापेक्षा मोठं वाटतं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याची नक्षी सावल्या धरते आणि तेव्हाच नीट दिसते. भर दुपारी सगळं सपाट पांढरं.

आत थडगं खालच्या पातळीवर आहे, संगमरवरी जाळीच्या अष्टकोनी कठड्यावरून वाकून बघायचं. पश्चिमेची मशीद नंतर निजामाच्या काळात जोडली गेली. त्यामुळं मुख्य वास्तूच्या दोन बाजू सारख्या दिसत नाहीत. सरळ समोरून फोटो हवा असेल तर प्रवेशद्वाराच्या कमानीतूनच घ्यावा.

रात्री जेवायला जुन्या शहरात, शहागंज-सिटी चौकाच्या बाजूला. मांसाहारी असाल तर नान-खलिया चुकवू नका. मोठा, जाडसर, तंदुरीतला पिवळसर नान आणि वर लालभडक तर्री आलेला पातळ रस्सा. तुघलकाच्या लष्करासोबत हा पदार्थ इथं आला असं सांगतात. बसायच्या आधी "बकऱ्याचं आहे का बड्याचं (मोठ्या जनावराचं)?" हे सरळ विचारावं, त्यात कुणालाही वावगं वाटत नाही, उलट गल्ल्यावरचे चाचा स्वतःच कोणत्या दुकानात काय मिळतं ते सांगतात. एक प्लेट खलिया आणि दोन नान दोघांना पुरतात. रस्सा परत मागितला तर बहुतेक ठिकाणी मिळतो. शाकाहारी जोडप्यानं गुलमंडी-औरंगपुऱ्याकडं वळावं. थाळी घ्यावी आणि नंतर गरम इमरती. इमरती कढईतून पाकात आणि पाकातून थेट पानावर आली तरच घ्यायची. परातीत रचून ठेवलेली चिवट होते.

दुसरा दिवस, गुरुवार: आधी देवगिरी, मग वेरूळ

सगळ्यांचा क्रम असतो वेरूळ आधी, परतताना देवगिरीचा, म्हणजेच दौलताबादचा किल्ला. सहलीच्या बसही तसंच करतात: दहा ते एक वेरूळ, डबे, आणि तीनला पोरं किल्ल्यावर. हा क्रम उलटा करावा. कारणं दोन. किल्ला चढायचा आहे, तो थंडीतच चढलेला बरा. आणि वेरूळची लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत. सकाळी कैलास या सोळाव्या लेण्याचं अंगण डोंगराच्या सावलीत असतं, दुपारी तीननंतर ऊन आत शिरतं. म्हणजे गर्दी आणि उजेड दोन्ही उलट्या क्रमाच्याच बाजूनं.

मध्यवर्ती स्टँडवरून कन्नड-चाळीसगावकडं जाणाऱ्या गाड्या आणि थेट वेरूळच्या फेऱ्या मिळतात. चढण्याआधी कंडक्टरला "दौलताबाद, खुलताबादवरून जाते ना?" एवढं विचारायचं, कारण लांब पल्ल्याची प्रत्येक गाडी किल्ल्यापाशी थांबेलच असं नाही. आम्हाला भेटलेल्या कंडक्टरनं तिकीट फाडतानाच सल्ला दिला, "काळी-पिवळीत बसू नका, ती भरल्याबिगर हलत नाही. हात केला की एसटी थांबती." ते खरं निघालं. स्टँडच्या बाहेरची जीप दहा माणसांची वाट बघत उभी असते आणि तेवढ्यात दोन गाड्या निघून जातात. किल्ला पंधरा किलोमीटरवर आहे.

पोटात काहीतरी टाकूनच चढावं. स्टँडसमोर सकाळी पोहे, उपमा, आणि शोधलं तर सुशीलाही मिळतो. चुरमुऱ्यांचा हा नाश्ता पचायला हलका आहे, चढाईला बरा. वर काही मिळत नाही. पाणी माणशी दोन लिटर. एक लिटर गडावरच्या बारादरी नावाच्या महालापर्यंतच संपतं. पिशवी हातात न धरता पाठीवर घ्यावी, वानरं खाऊच्या पिशवीवर नेमकी येतात.

देवगिरी हा यादवांचा किल्ला. भिल्लम पाचवा याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस, ही राजधानी झाली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा रामदेवराय यादव गडावर होता. धान्याची पोती समजून वर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं आणि वेढा टिकवता आला नाही, ही गोष्ट आपल्याकडं घरोघरी सांगितली जाते. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं आणली आणि दौलताबाद नाव दिलं.

खालच्या भागात हत्ती हौद, भारतमाता मंदिर आणि चांदमिनार. मंदिराची जागा मुळात चौदाव्या शतकातल्या मशिदीची, आणि तिच्यातले खांब त्याहून जुन्या देवळांचे. थोडं थांबून खांबांवरचं कोरीवकाम बघितलं तर तीन काळ एकाच मांडवाखाली दिसतात. मिनार पंधराव्या शतकातला, साधारण ६३ मीटर उंच. आत चढू देत नाहीत. पुढं चिनी महाल, जिथं गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा कैदेत राहिला. त्याच्या निळ्या फरशांचे थोडे तुकडे अजून भिंतीला आहेत. त्याच्याजवळच्या बुरुजावर मेंढा तोफ, मागचा भाग मेंढ्याच्या डोक्याचा.

खरा किल्ला खंदकानंतर सुरू होतो. सुमारे दोनशे मीटर उंचीचा सुटा डोंगर, आणि त्याचे खालचे कडे छिन्नीनं तासून उभे सरळ केलेले. हाताला पकड सापडू नये म्हणून. खंदकावरच्या अरुंद पुलानंतर अंधारी. खडकातून कोरलेला वळणावळणाचा जिना, शत्रू आंधळा व्हावा म्हणून. वटवाघळांचा वास भयंकर आहे. रुमाल नाकाला बांधून, गॉगल काढून, मोबाइलचा टॉर्च पायांवर धरून जायचं. टॉर्च छताकडं मारला तर वटवाघळं उठतात आणि मागून येणाऱ्यांच्या अंगावर जातात. चप्पल घालून आलेल्या बाईला तिथल्या चौकीदारानं आत जाऊच दिलं नाही. "पाय सटकला तर उचलून आणायला आम्हीच लागतो ताई, बाहेरच्या पायऱ्यांनी या." ज्यांना अंधार, वास किंवा दम्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी बाहेरून पायऱ्यांची वेगळी वाट आहे. तिचा वापर करण्यात कमीपणा नाही.

अंधारीनंतर पायऱ्या सरळ चढतात, मध्ये गणपतीचं ठाणं, मग बारादरी. इथपर्यंत आलेले बरेच जण माघारी फिरतात. आणखी थोडं वर जावं. शिखराजवळ जनार्दनस्वामींचं स्थान आहे. ते या किल्ल्याचे किल्लेदार आणि पैठणच्या नाथांचे गुरू. लहानपणापासून ऐकलेल्या एकनाथांच्या गोष्टीतला देवगड तो हाच. पैठणहून गुरूच्या शोधात निघालेला पोरगा याच पायऱ्या चढून आला, हे वर उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं. चढ-उतार आणि बघणं मिळून अडीच ते तीन तास. तिकीट २५ रुपये.

खाली उतरल्यावर रस्त्याच्या कडेला पेरू घ्या. दौलताबादच्या आसपास पेरू, सीताफळ, अंजीर होतात, सीताफळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जानेवारीत हुरडाही. ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरावर भाजून, हातावर चोळून, शेंगदाण्याची चटणी आणि गुळासोबत. हुरडा पार्टीची तिकिटं शेकड्यात असतात. रस्त्याकडेच्या झोपडीत पन्नास रुपयांत दोघांचं काम होतं. अट एकच, समोर भाजायला सांगायचं. गार झालेला हुरडा चामट लागतो.

पुन्हा एसटी, घाट चढून खुलताबाद. वेळ असेल तर भद्रा मारुती. हनुमानाची निजलेली मूर्ती असलेली ठिकाणं देशात मोजकी आहेत, त्यांतलं हे. शनिवारी आणि हनुमान जयंतीला संभाजीनगरहून लोक रात्री पायी निघतात. मलिक अंबरची कबर याच गावात आहे. तो १६२६ मध्ये वारला. काल ज्याच्या शहरात फिरलो तो माणूस इथं आहे हे कळल्यावर पंधरा मिनिटांचा वळसा जड वाटत नाही.

वेरूळला दीड वाजता पोचलो. जेवण गेटाबाहेर: ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. फलकावर "स्पेशल थाळी" असते तिथं साधी भाकरी-पिठलं वेगळं मागावं, दर निम्म्यानं उतरतो. तिकीट ४० रुपये.

चौतीस लेणी अडीच-तीन तासांत होत नाहीत, आणि होऊही नयेत. क्रमांक दक्षिणेकडून: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. आम्ही असा क्रम ठेवला. आधी १० आणि १२. दहावं म्हणजे विश्वकर्मा, लोक सुताराची झोपडी म्हणतात. लाकडी वाशांसारखं छत दगडात कोरलेलं आहे. मधोमध उभं राहून हलक्या आवाजात बोललं तरी घुमतं. गाणाऱ्याला तर सोडवत नाही. बारावं तीन मजली, वरच्या मजल्यावर ओळीनं बसलेले बुद्ध. मग आतली बस पकडून थेट जैन लेणी. चालत अंतर दीडेक किलोमीटर आहे, दुपारी दम काढतं. ३२ क्रमांकाची इंद्रसभा निवांत असते. छताचं कमळ आणि वरच्या मजल्यावरचे खांब कोरीवकामाच्या बारकाईत कैलासच्याही पुढं आहेत, असं आमचं मत. येताना २९, धुमार लेणं. पावसाळ्यात त्याच्या शेजारी वेळगंगेचा धबधबा पडतो.

कैलास शेवटी, चार वाजता. सहली गेलेल्या, ऊन आत आलेलं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं काम. अंगण साधारण ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद, मागचा कडा ३० मीटरच्या वर. खडक वरून खाली कोरत आणला, त्यामुळं परांची बांधायची गरज पडली नाही, पण चुकीला जागाही नव्हती. आत शिरताच मंदिरात जायचं नाही. आधी अंगणाची एक फेरी खालून, मग बाजूच्या ओवरीतून दुसरी. रामायण-महाभारताचे पट, रावण कैलास हलवतो ते शिल्प, हत्तींची रांग. त्यानंतर मंदिर, आणि छताकडं मान करून उरलेले रंग. सगळ्यात शेवटी बाहेर येऊन उजव्या बाजूनं डोंगरावर जाणारी पायवाट. वरून कळस आपल्या नजरेखाली येतो आणि हे बांधलेलं नसून काढलेलं आहे हे तिथं कळतं. कडेला जाऊ नये, सेल्फीसाठी तर मुळीच नाही, मुरूम घसरतो.

परवानाधारक गाइड दोघांना महाग पडतो. दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला विचारून मिळून केला तर परवडतो, आणि फक्त कैलाससाठी करावा. पैसे तिथं सत्कारणी लागतात.

घृष्णेश्वर किलोमीटरभरावर. आताचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधलेलं. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला शर्ट-बनियन काढावा लागतो. सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्र टाळली तर दर्शन लवकर होतं. वेरूळचं आणखी एक नातं म्हणजे हे भोसल्यांचं गाव, मालोजीराजांचं.

परतीची गाडी सहाच्या आसपास पकडावीच. अंधार पडला की एसटी तुंबून येतात आणि जीपवाले मनाला येईल तो दर सांगतात.

तिसरा दिवस, शुक्रवार: शहराच्या माथ्यावरची लेणी आणि हिमरू

सकाळी खिचडी-खट्टा. मसूर घातलेली पिवळी खिचडी, सोबत चिंच-तिळाचा आंबट-तिखट खट्टा आणि पापड. जुन्या शहरात साडेनऊपर्यंत संपतो. सोबत इराणी चहा.

औरंगाबाद लेणी मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात, दोन-तीन किलोमीटरवर. शहरातल्या निम्म्या लोकांनीही ती बघितलेली नाहीत. रिक्षा जाण्या-येण्याची आणि दोन तास थांबण्याची ठरवावी. वरून परत यायला वाहन मिळत नाही, आणि लोक तिथंच फसतात. रस्ता नागसेनवनावरून गेला तर मिलिंद महाविद्यालय दिसतं, डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेलं. पुढं विद्यापीठाचं गेट. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देणारा १९९४ चा नामविस्तार ज्यांच्या घरात बोलला जातो त्यांना या गेटचं मोल सांगावं लागत नाही. दसऱ्याला, बुद्धपौर्णिमेला या डोंगरावर हजारो माणसं येतात. एरवीच्या शुक्रवारी सकाळी वर जेमतेम दहा जण होते.

लेण्यांचे दोन गट आहेत, मध्ये किलोमीटरभर. तिकीट दोन्हीला एकच, २५ रुपये, सांभाळून ठेवावं. पश्चिमेच्या गटात तिसरं लेणं बघा: गाभाऱ्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले पुरुषभर उंचीचे भक्त, प्रत्येकाची केशरचना, दागिने वेगळे. पूर्वेच्या गटात सातवं. दाराच्या बाजूला अवलोकितेश्वर, भोवती संकटात सापडलेल्यांचे छोटे प्रसंग: आग, तलवार, साप, हत्ती, बुडतं जहाज. आत नाचणारी स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्यं वाजवणाऱ्या बायका. अंधार आहे. टॉर्च समोरून न मारता बाजूनं तिरपा धरला की शिल्प उठून दिसतं. बाहेर आलं की खाली मकबरा आणि सगळं शहर.

दुपार हिमरूसाठी ठेवली. सोन्या-रेशमाच्या किनखाबाची चाल सुती ताणा आणि रेशमी बाणा घेऊन साधली, ते हे कापड. किनखाब राजांना परवडायचं, हिमरू त्याखालच्यांना. हातमाग आता शहरात मोजकेच उरलेत. मागावर बसलेले काका बोलायला तयार असतात, फक्त पाय पावड्यावर चालू असताना प्रश्न विचारू नयेत, धागा चुकतो. घ्यायचं असेल तर आधी उलटी बाजू बघा. हातमागाच्या हिमरूत मागं रेशमाचे मोकळे धागे सोडलेले असतात, बोटाला मऊ थर लागतो. यंत्रमागाची नक्कल गुळगुळीत आणि निसरडी लागते, ती बहुतेक पॉलिस्टर. दुकानदाराच्या परवानगीनं कडेचा एक धागा जाळून बघावा: वितळून गोळी झाली तर पॉलिस्टर, राख होऊन केस किंवा कागद जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा सूत. रिक्षावाला स्वतःहून "फॅक्टरी दाखवतो" म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणावं, त्याचं कमिशन आपल्या बिलात येतं. शाल परवडत नसेल तर चष्म्याचं घर, पाउच घ्या. मागावरचं असेल तर तेवढ्यातही विणकराच्या हाती काही जातं.

शॉपिंग सोडून दोघांचा सगळा खर्च साधारण असा झाला: रेल्वे चारशे, खोली दोन रात्री बावीसशे, रिक्षा आठशे, एसटी पावणेदोनशे, तिकिटं अडीचशेच्या थोडी वर, खाणं अठराशे. कुठं वाचवावं विचाराल तर रिक्षात. कुठं वाचवू नये विचाराल तर खाण्यात.

एक मुक्काम वाढवता आला तर अजिंठा जोडावा. त्याच दिवशी वेरूळसोबत कोंबू नये, रस्त्यातच पाच-सहा तास जातात. जळगावकडं जाणारी पहाटेची एसटी पकडून फर्दापूरच्या अलीकडं अजिंठा लेणी टी-पॉइंटला उतरायचं, साधारण शंभर किलोमीटर. तिथून पुढचे चार किलोमीटर एसटीचीच शटल बस नेते, खासगी गाड्या आत सोडत नाहीत. वर पोचलेला प्रत्येक जण पहिल्या लेण्यात रांग लावतो. आपण ती रांग सोडून सरळ २६ पर्यंत चालत जावं, महापरिनिर्वाणाचं शिल्प निवांत बघावं, आणि १७, १६, १०, ९, २ असं करत पहिल्याला शेवटी यावं. चित्रांसमोर फ्लॅश चालत नाही आणि दिवे मंद असतात. उन्हातून आत गेल्यावर डोळे सरावायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढं थांबल्याशिवाय पहिल्या लेण्यातलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र दिसत नाही, आणि बहुतेक लोक त्याआधीच बाहेर पडतात.